नाट्यास्वाद (अभ्यासक्रम)

नाट्यास्वाद हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयांत पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांत शिकविला जाणारा परिचयात्मक अभ्यासक्रम आहे. नट, नाटककार किंवा दिग्दर्शक घडविणे हा त्याचा हेतू नाही. जाणता प्रेक्षक घडविणे हा आहे. या एका गोष्टीमुळे तो नाट्यप्रशिक्षणाच्या इतर अभ्यासक्रमांपासून वेगळा ठरतो. वर्गात सहसा लेखाशास्त्र, परिचर्या, अभियांत्रिकी अशा अन्य शाखांचे विद्यार्थी असतात आणि त्यांतील अनेकांनी तोपर्यंत एकही नाटक नाट्यगृहात बसून पाहिलेले नसते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील विद्यापीठांत नाटक हा प्रथम साहित्याचा भाग म्हणून शिकविला जात असे. जॉर्ज पिअर्स बेकर यांनी हार्वर्ड विद्यापीठात नाट्यलेखनाचे वर्ग चालविले. नाटककार यूजीन ओनील हे त्यांचे विद्यार्थी होत. १९१४ साली पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रसंस्थेत नाट्यविषयक पदवीचे शिक्षण सुरू झाले आणि १९२५ साली बेकर येल विद्यापीठात गेले. हे सर्व शिक्षण रंगभूमीवर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी होते. नाट्यास्वादाचा उगम मात्र ‘सामान्य शिक्षणा’च्या कल्पनेत आहे. मुख्य विषय कोणताही असो, पदवीधराला कला, इतिहास, विज्ञान यांची तोंडओळख असावी, असे ही कल्पना मानते.

टेक्सास राज्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील सार्वजनिक महाविद्यालयांत ४२ श्रेयांकांचा सामायिक गाभा अभ्यासक्रम असून त्यांपैकी ३ श्रेयांक सर्जनशील कलांसाठी राखलेले आहेत. विद्यार्थी चित्रकला, संगीत किंवा नाटक यांपैकी एखाद्याचा आस्वाद-अभ्यासक्रम निवडून ते पूर्ण करू शकतो. नाट्यास्वादाला राज्यभर ‘ड्रामा १३१०’ हा एकच क्रमांक असल्याने एका महाविद्यालयातील श्रेयांक दुसरीकडे नेता येतात. चिकित्सक विचार, संवाद, सांघिक काम आणि सामाजिक जबाबदारी ही या गटाची घोषित उद्दिष्टे आहेत. यांत अभिनयाचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रेक्षकाचे स्थान

एडविन विल्सन यांचे ‘द थिएटर एक्सपीरियन्स’ (पहिली आवृत्ती १९७६) हे या विषयाचे बहुप्रचलित पाठ्यपुस्तक नाटककारापासून किंवा ग्रीकांपासून नव्हे, तर प्रेक्षकापासून आरंभ करते. त्यामागे भक्कम कारण आहे. ‘थिएटर’ या शब्दाचे मूळ असलेला ग्रीक शब्द ‘थिएट्रॉन’ म्हणजे पाहण्याची जागा. ‘ड्रामा’चे मूळ करणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. कोणीतरी काही करतो आणि दुसरा कोणी त्याच वेळी, त्याच ठिकाणी ते पाहतो, एवढे घडले की नाटक झाले. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी ‘द एम्प्टी स्पेस’ (१९६८) या पुस्तकाच्या आरंभी हाच विचार मांडला आहे.

यातून चित्रपट आणि नाटक यांतील भेद समजावून दिला जातो. पडद्यावरील नटाला प्रेक्षागृहातील हशा ऐकू येत नाही. रंगमंचावरील नट हशा ओसरेपर्यंत पुढचे वाक्य रोखून धरतो. म्हणून एकाच नाटकाचे दोन प्रयोग कधीही तंतोतंत सारखे होत नाहीत. इंग्रज कवी कोलरिज यांनी १८१७ साली मांडलेली, अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवण्याची कल्पनाही येथेच येते. रंगमंचावरचा खून खोटा आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक हळहळतो, पण खुन्याला धरायला धावत नाही.

प्रेक्षागृहातील शिस्त सार्वकालिक नाही, हेही विद्यार्थ्याला कळावे लागते. शेक्सपिअरच्या काळातील ग्लोब नाट्यगृहात (१५९९) प्रयोग दिवसाउजेडी होत आणि स्वस्त दरात आलेले लोक रंगमंचाभोवती उभे राहत. वाग्नर यांनी १८७६ साली बायरॉइट येथे प्रेक्षागृह अंधारे केले. अंधारात गप्प बसण्याची रीत त्यानंतर रूढ होत गेली. संगीत नाटकातील पदाला ‘वन्स मोअर’ देणारा मराठी प्रेक्षक या रीतीत बसत नाही, पण त्याला अजाण म्हणता येणार नाही.

संहिता आणि प्रयोग

नाट्यरचनेच्या विवेचनाचा पाया अजूनही ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’वर उभा आहे. कथानक, स्वभावचित्रण, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य ही त्याने सांगितलेली सहा अंगे विद्यार्थ्यांना पाठ करावी लागतात. सोफोक्लीसचे ‘राजा ईडिपस’ हे त्यासाठीचे ठरलेले उदाहरण होय. दृश्याला शेवटचे स्थान देणारी ही क्रमवारी वाचकाला सोयीची आहे, प्रेक्षकाला तितकीशी नाही. त्यामुळे ती शिकवून झाल्यावर तिच्याशी वाद घालणे हाच पाठाचा खरा उपयोग ठरतो.

संहिता आणि प्रयोग या दोन भिन्न वस्तू आहेत, हे दाखविण्यासाठी इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ची (१८७९) कथा उपयोगी पडते. नवरा आणि मुले यांना सोडून नोरा घराबाहेर पडते, तेथे मूळ नाटक संपते. जर्मनीतील एका अभिनेत्रीने हा शेवट करण्यास नकार दिला, तेव्हा इब्सेनने नाइलाजाने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला आणि त्यात नोरा मुलांसाठी थांबते. पुढे त्याला तो मनापासून नापसंत होता. नाटक कोणापुढे आणि कोणाकडून होणार आहे, हे नाटककाराच्या लेखणीपर्यंत कसे पोहोचते, ते यावरून उमगते. याच नाटकाचे अनंत काणेकरांनी केलेले मराठी रूपांतर ‘घरकुल’ या नावाने परिचित आहे.

रंगमंच आणि पडद्यामागील कामे

रंगमंचाचे प्रकार सहसा एकाच व्याख्यानात उरकतात. कमानीच्या रंगमंचावर प्रेक्षक एका बाजूला बसतो, पुढे आलेल्या रंगमंचाच्या तीन बाजूंना, तर आखाडावजा रंगमंचाच्या चारही बाजूंना बसतो. याखेरीज आसने हवी तशी मांडता येणारी काळ्या भिंतींची खोली असते. वर्गीकरण सोयीपुरतेच आहे. मात्र प्रेक्षक कोठे बसतो यावर नेपथ्य किती उंच असावे आणि नटाने पाठ कोणाकडे करावी हे ठरते.

नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि ध्वनी यांचा भाग विद्यार्थ्यांना बहुधा सर्वांत नवा असतो. आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’चा १९४९ सालचा पहिला प्रयोग येथे वारंवार अभ्यासला जातो. दिग्दर्शक एलिया कझान आणि नेपथ्यकार जो मिल्झिनर होते. मिल्झिनर यांनी विली लोमनचे घर भरीव भिंतींऐवजी नुसत्या सांगाड्याच्या रूपात उभे केले. वर्तमानकाळातील प्रवेशांत पात्रे दारातूनच आत-बाहेर करतात. विलीच्या मनातील भूतकाळ सुरू झाला की ती कल्पित भिंतीची रेषा सरळ ओलांडून रंगमंचाच्या पुढच्या भागात येतात. प्रकाश बदलतो आणि झाडांच्या पानांची सावली घरावर पसरते. पडदा न पाडता काळ बदलतो आणि प्रेक्षकाला ते कोणी सांगावे लागत नाही. नेपथ्य म्हणजे शोभा नव्हे, अर्थ आहे, हे या एका उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके व्याख्येने होत नाही.

रंगमंच व्यवस्थापकाचे काम पाठ्यपुस्तकांत थोडक्यात आटोपते. वास्तविक प्रयोग सुरू झाल्यावर दिग्दर्शकाच्या हाती काही उरत नाही. दिवे, ध्वनी आणि नेपथ्यबदल यांचा प्रत्येक इशारा व्यवस्थापक देतो.

इतिहास आणि समाज

इतिहासाचा पल्ला ग्रीक रंगभूमीपासून ब्रॉडवेपर्यंतचा असल्याने तो भरभर पार केला जातो. मध्ययुगीन धार्मिक नाटके, इंग्लंडमधील नाट्यगृहांवर १६४२ साली आलेली बंदी आणि १६६० नंतर इंग्रजी व्यावसायिक रंगभूमीवर झालेला स्त्रियांचा प्रवेश, १८९८ साली स्थापन झालेले मॉस्को आर्ट थिएटर आणि स्टॅनिस्लाव्हस्कीची अभिनयपद्धती, प्रेक्षकाला भावनेत वाहून जाऊ न देणारी ब्रेख्तची रंगभूमी हे त्यातील ठळक टप्पे.

लोरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’जवळ (१९५९) मात्र वर्ग थबकतो. ब्रॉडवेवर आलेले हे कृष्णवर्णीय स्त्रीचे पहिले नाटक. शिकागोतील एक कृष्णवर्णीय कुटुंब विम्याच्या दहा हजार डॉलरांतून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेऊ पाहते आणि शेजाऱ्यांचा प्रतिनिधी त्यांनी येऊ नये म्हणून पैसे देऊ करतो. हॅन्सबेरी यांच्या वडिलांनी अशाच वस्तीत घर घेतले होते व तो खटला १९४० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. घर कोणी कोठे घ्यावे हा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या कुटुंबाच्या इतिहासात असतो. त्यामुळे ‘सामाजिक जबाबदारी’ हे कागदावरचे उद्दिष्ट येथे चर्चेत उतरते.

प्रयोग पाहणे आणि परीक्षण

सत्रात एक किंवा अधिक प्रयोग प्रत्यक्ष पाहून त्यांचे परीक्षण लिहिणे हा अभ्यासक्रमाचा कणा आहे. बहुधा महाविद्यालयाच्याच नाट्यविभागाचा प्रयोग निवडला जातो. परीक्षणासाठी गटेच्या नावाने सांगितले जाणारे तीन प्रश्न दिले जातात: कलावंत काय करू पाहत होता, ते त्याने कितपत साधले आणि ते करण्याजोगे होते काय? क्रम महत्त्वाचा आहे. ‘मला आवडले नाही’ हे मत वर्ज्य नाही, पण ते पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्यावरच मांडायचे असते.

नवशिक्या परीक्षणात सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे कथानक सांगत बसणे. ते संहिता वाचूनही लिहिता येते. म्हणून नटाने कोणत्या वाक्याआधी विराम घेतला, प्रकाश कोणत्या क्षणी मंदावला, आजूबाजूचे प्रेक्षक कोठे हसले, अशा केवळ तेथे हजर असणाऱ्यालाच टिपता येतील अशा नोंदींना शिक्षक अधिक किंमत देतात.

टीका

अभ्यासक्रमावरील जुना आक्षेप त्याच्या पाश्चात्त्यकेंद्री मांडणीचा आहे. संस्कृत नाटक, जपानी नो व काबुकी आणि चिनी संगीतनाट्य यांची अनेकदा एकाच प्रकरणात बोळवण होते. ब्रेख्तने १९३५ साली मॉस्कोत चिनी नट मेइ लान्फांग यांचे काम पाहिले आणि त्याच्या सिद्धान्ताला त्यातून आधार मिळाला. तेव्हा आशियाई रंगभूमी वेगळ्या प्रकरणात ठेवणे इतिहासालाही धरून नाही.

दुसरा वाद चित्रफितींचा आहे. २००९ साली लंडनच्या नॅशनल थिएटरने चित्रपटगृहांत प्रयोगांचे थेट प्रक्षेपण सुरू केले आणि दूरस्थ वर्गांत ध्वनिचित्रमुद्रण दाखविणे सोपे झाले. लहान गावातील, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यामुळे उत्तम नट पाहता येतात, हा लाभ खरा आहे. परंतु कोठे पाहायचे हे तेथे कॅमेरा ठरवितो. रंगमंचावर न बोलणाऱ्या पात्राकडे पाहण्याचे प्रेक्षकाचे स्वातंत्र्य जाते आणि हा अभ्यासक्रम मुख्यतः त्याच स्वातंत्र्याचा वापर शिकवितो.

भारतीय संदर्भ

प्रेक्षकाच्या पात्रतेचा विचार भारतात प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या दैवी व मानुषी सिद्धीची चर्चा असून आदर्श प्रेक्षकाची लक्षणेही दिली आहेत. भिन्न वयाच्या आणि वृत्तीच्या लोकांना भिन्न गोष्टी रुचतात, हेही तेथे मान्य केले आहे. पुढे काव्यशास्त्रात ‘सहृदय’ ही संकल्पना विकसित झाली. अमेरिकी पाठ्यपुस्तकांत नाट्यशास्त्राचा उल्लेख येतो तो मुख्यतः रससिद्धान्तासाठी. प्रेक्षकाविषयीचा हा अध्याय त्यांच्या पहिल्याच प्रकरणात शोभला असता.