डेटाबेसनिर्मित प्रायमरी की : ओआरएममधील हाताळणी

टेबलात नवी ओळ घालताना तिचा ओळखक्रमांक प्रोग्रामने न देता डेटाबेसने तयार करायचा आणि तो मेमरीतल्या ऑब्जेक्टपर्यंत परत आणायचा, हा या नोंदीचा विषय. ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, म्हणजेच ओआरएम, हे जावा, पायथन, सी-शार्प, रुबी अशा भाषांमधले ऑब्जेक्ट आणि रिलेशनल डेटाबेसमधली टेबले यांच्यात दुभाष्याचे काम करणारे सॉफ्टवेअर. हायबरनेट, एंटिटी फ्रेमवर्क, जँगो, एसक्यूएलअल्केमी, ॲक्टिव्ह रेकॉर्ड ही त्यातली रोजच्या वापरातली नावे. क्रमांक कोणी द्यायचा आणि कधी, या प्रश्नाचे उत्तर यांतल्या प्रत्येकाने वेगळे दिले आहे. त्या उत्तरावर प्रोग्रामचा वेग अवलंबून असतो, आणि कधी कधी त्याची अचूकताही.

अडचणीचे मूळ दोन जगांच्या स्वभावात आहे. ऑब्जेक्टला तयार झाल्या क्षणापासून स्वतःची ओळख असते. दोन ऑब्जेक्टमधली माहिती तंतोतंत सारखी असली तरी मेमरीतल्या त्यांच्या जागा वेगळ्या असतात. टेबलातल्या ओळीला असा आधार नाही. एडगर कॉड यांनी १९७० सालच्या निबंधात रिलेशनल मॉडेल मांडले, त्यात ओळ ओळखायची ती तिच्यातल्या मूल्यांवरूनच. ओळखीच्या अशा मूल्यासाठी प्रायमरी की ही संज्ञाही त्याच निबंधात आहे. मूल जन्मले तरी बारशापर्यंत त्याला नाव नसते, घरात ‘बाळ’ म्हणून भागते. प्रसूतिगृहात मात्र भागत नाही. तिथे मनगटाला पट्टी बांधावी लागते. नवा ऑब्जेक्ट आणि त्याची टेबलातली ओळ यांच्यामधल्या काळात ओआरएमची अवस्था त्या प्रसूतिगृहासारखी असते.

ओळीत आधीपासून असलेले एखादे मूल्य, जसे मोबाइल नंबर किंवा ईमेल, ओळख म्हणून वापरले तर तिला नॅचरल की म्हणतात. मोबाइल नंबर बदलतो, ईमेलही बदलतो, आणि त्यावर टेकलेली इतर टेबले मग एकेक करून दुरुस्त करावी लागतात. म्हणून अर्थ नसलेला, केवळ ओळखीसाठी घडवलेला क्रमांक वापरतात. ती सरोगेट की. भारतात याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण आधार क्रमांकाचे आहे. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आला. त्या १२ अंकांत जिल्हा, जात, जन्मसाल यांपैकी काहीही दडवलेले नाही. शेवटचा अंक फक्त पडताळणीसाठी आहे. माणसाचा पत्ता किंवा आडनाव बदलले तरी क्रमांकाला धक्का लागत नाही तो यामुळेच.

सरोगेट क्रमांक डेटाबेसकडून घ्यायचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात रकानाच स्वतःहून वाढतो: मायएसक्यूएलमधले ऑटो-इन्क्रिमेंट, एसक्यूएल सर्व्हरमधले आयडेंटिटी. दुसऱ्यात सिक्वेन्स नावाची स्वतंत्र वस्तू असते आणि तिच्याकडे पुढचा आकडा आधीच मागता येतो. ओरॅकल आणि पोस्टग्रेस यांची ही जुनी रीत. एसक्यूएलच्या २००३ च्या मानकाने दोन्हींना जागा दिली. पुढे ओरॅकलने २०१३ मध्ये १२सी आवृत्तीत आयडेंटिटी रकाना आणला, तर एसक्यूएल सर्व्हरने २०१२ च्या आवृत्तीत सिक्वेन्स. मायएसक्यूएलमध्ये सिक्वेन्स नाही. दोन मार्गांतला फरक वेळेचा आहे: पहिल्यात ओळ पडल्यावर क्रमांक कळतो, दुसऱ्यात पडण्यापूर्वी.

नवशिके प्रोग्रामर तिसरा मार्ग शोधतात. टेबलातला सर्वांत मोठा क्रमांक वाचायचा आणि त्यात एक मिळवायचा. एकटा माणूस आपल्या लॅपटॉपवर चाचणी घेतो तेव्हा हे व्यवस्थित चालते. दोन ग्राहकांनी एकाच क्षणी ऑर्डर नोंदवली की दोघांनाही तोच मोठा आकडा दिसतो आणि दुसऱ्याची ओळ नाकारली जाते. प्रायमरी कीचे बंधन लावायला कोणी विसरले असेल तर नाकारलीही जात नाही, आणि ते जास्त वाईट.

ओळ पडल्यावर तयार झालेला क्रमांक परत कसा मिळवायचा, यात एक प्रसिद्ध सापळा आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘अॅट-अॅट-आयडेंटिटी’ हे त्या जोडणीवर शेवटचा तयार झालेला क्रमांक सांगते, मग तो कोणत्याही टेबलातला असो. समजा, ऑर्डरच्या टेबलावर एक ट्रिगर आहे आणि प्रत्येक नव्या ऑर्डरमागे तो तपासणीच्या टेबलात एक ओळ लिहितो. प्रोग्राम ऑर्डर घालतो, शेवटचा क्रमांक विचारतो आणि त्याला तपासणीच्या ओळीचा क्रमांक मिळतो. ऑर्डरमधल्या वस्तू मग भलत्याच ऑर्डरला जोडल्या जातात. त्रुटीचा संदेश येतोच असे नाही. तो भलता क्रमांक कुठल्या तरी जुन्या ऑर्डरचा असला की फॉरेन कीचे बंधनही समाधानी असते. एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये आलेल्या ‘स्कोप-आयडेंटिटी’ने हा घोटाळा टळतो, कारण ते ट्रिगरच्या आतले आकडे मोजत नाही. २००५ च्या आवृत्तीपासून ‘आउटपुट’ हे वाक्यांगही आहे. पोस्टग्रेसने २००६ साली ८.२ आवृत्तीत ‘रिटर्निंग’ आणले, त्यामुळे ओळ घालण्याच्या आज्ञेतूनच क्रमांक परत येतो. जावाच्या बाजूने, डेटाबेसशी बोलण्याच्या जेडीबीसी या मानकाच्या ३.० आवृत्तीत तयार झालेले क्रमांक मागण्याची एकसारखी सोय झाली आणि ओआरएमना प्रत्येक डेटाबेससाठी वेगळी युक्ती करण्याची गरज बरीच कमी झाली.

मायएसक्यूएलमधल्या ‘लास्ट-इन्सर्ट-आयडी’बद्दल उगाच भीती बाळगली जाते. ते उत्तर जोडणीपुरते असते. दुसऱ्या ग्राहकाने मधल्या काळात हजार ओळी घातल्या तरी आपला आकडा बदलत नाही.

ओआरएमच्या इतिहासात या प्रश्नाची सर्वांत सविस्तर मांडणी जावाच्या जगात झाली. मार्टिन फाउलर यांच्या २००२ च्या पुस्तकात ‘आयडेंटिटी फील्ड’ हा स्वतंत्र पॅटर्न आहे: ओळीचा क्रमांक ऑब्जेक्टमध्ये जपून ठेवायचा, म्हणजे दोघांची गाठ सुटत नाही. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या हायबरनेटने क्रमांक मिळवण्याचे अनेक प्रकार पुरवले. २००६ मध्ये आलेल्या जावा पर्सिस्टन्स एपीआयने, म्हणजे जेपीएने, त्यांना आयडेंटिटी, सिक्वेन्स, टेबल आणि ऑटो अशी चार नावे देऊन मानक केले.

आयडेंटिटी हा प्रकार सर्वांत सोपा दिसतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. हायबरनेटची रीत अशी की ऑब्जेक्ट जतन करायला सांगितला तरी तो लगेच टेबलात जात नाही. बदल साठवून ठेवले जातात आणि शेवटी फ्लशच्या वेळी एकत्र पाठवले जातात. या साठवणीत प्रत्येक ऑब्जेक्ट त्याच्या क्रमांकाने ओळखला जातो. आयडेंटिटी वापरली तर क्रमांक ओळ पडल्याशिवाय मिळत नाही, म्हणून हायबरनेटला ओळ तिथल्या तिथे घालावी लागते. परिणामी ओळींचा गठ्ठा करून पाठवण्याची सोय त्या एंटिटीसाठी, म्हणजे टेबलाशी जोडलेल्या त्या वर्गासाठी, बंद होते. दहा हजार ओळींची फाइल आयात करताना दहा हजार फेऱ्या होतात. सर्व्हर आणि डेटाबेस वेगवेगळ्या शहरांत असतील तर प्रत्येक फेरीचा विलंब थेट घड्याळात दिसतो.

सिक्वेन्समध्ये हे दुखणे नाही, पण प्रत्येक ओळीसाठी आधी आकडा मागायचा म्हटले तर फेऱ्या दुप्पट होतील. त्यावरचा उपाय म्हणजे आकडे घाऊक घेणे. जेपीएमध्ये एका मागणीला मिळणाऱ्या आकड्यांची संख्या ठरवता येते आणि काहीच सांगितले नाही तर ती ५० धरली जाते. इथेच अनेकांचा पाय घसरतो. डेटाबेस सांभाळणाऱ्याने सिक्वेन्स हाताने तयार केला आणि तो एकेकाने वाढत असेल, तर दोन्ही बाजूंचा हिशेब जुळत नाही. एका सर्व्हरला १०१ मिळतो आणि तो १०१ ते १५० आपले समजतो. दुसऱ्याला १०२ मिळतो आणि तो १०२ ते १५१ आपले समजतो. ४९ आकडे दोघांच्याही हाती. काही रचनांत सुरुवातीलाच उणे क्रमांक पडलेले दिसतात. हायबरनेटच्या ५.४ पासूनच्या आवृत्त्या प्रोग्राम सुरू होतानाच ही तफावत तपासतात आणि मूळ मांडणीत तिथेच थांबतात. प्रोग्रामरची चिडचिड होते, पण भल्या पहाटे ग्राहकाचा फोन येण्यापेक्षा हे थांबणे कितीतरी बरे.

टेबल हा प्रकार आकड्यांसाठी वेगळे टेबल ठेवतो आणि त्यातली ओळ कुलूपबंद करून पुढचा आकडा काढतो. तो कुठल्याही डेटाबेसवर चालतो आणि गर्दीच्या वेळी सगळ्यांना त्या एका ओळीपाशी रांगेत उभे करतो. ऑटो हा प्रकार निवड ओआरएमवर सोपवतो, आणि ती निवड आवृत्तीगणिक बदललेली आहे. मायएसक्यूएलवर जुने हायबरनेट ऑटोचा अर्थ आयडेंटिटी असा घेई; पाचव्या आवृत्तीपासून ते ‘हायबरनेट-सिक्वेन्स’ नावाच्या टेबलाकडे वळू लागले. आवृत्ती बदलताच हे टेबल सापडत नसल्याची तक्रार अनेक प्रकल्पांत उठली. प्रकार स्पष्ट लिहून ठेवणे हाच त्यावरचा शहाणपणाचा उपाय.

जावाबाहेर वाटा वेगळ्या आहेत. एंटिटी फ्रेमवर्क कोअर नव्या ऑब्जेक्टला तात्पुरता उणे क्रमांक देते. वर म्हटलेली मनगटावरची पट्टी ती हीच. ऑर्डर आणि तिच्यातल्या वस्तू एकत्र जतन करायच्या असतील तर वस्तू त्या तात्पुरत्या क्रमांकाला जोडल्या जातात आणि खरा क्रमांक आला की सगळीकडे बदलला जातो. ३.० आवृत्तीपासून हा तात्पुरता आकडा ऑब्जेक्टमध्ये दिसत नाही, आतल्या नोंदवहीतच राहतो, कारण लोक तोच खरा समजून पुढे वापरत असत. जँगोमध्ये एकगठ्ठा ओळी घातल्यावर पोस्टग्रेसवर क्रमांक परत मिळतात, मायएसक्यूएलवर मिळत नाहीत. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या एसक्यूएलअल्केमी २.० ने ‘रिटर्निंग’चा आधार घेऊन अनेक ओळी एकत्र घालणे आणि त्यांचे क्रमांक परत आणणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधली.

क्रमांक उशिरा मिळतो याचा आणखी एक परिणाम सहज लक्षात येत नाही. ऑब्जेक्टचा हॅश, म्हणजे सेटमध्ये त्याची जागा ठरवणारा आकडा, त्याच्या क्रमांकावरून काढला, ऑब्जेक्ट जतन करण्यापूर्वी एखाद्या सेटमध्ये टाकला आणि मग जतन केला, तर हॅश बदलतो. ऑब्जेक्ट सेटमध्ये असतो, पण शोधला की सापडत नाही. म्हणून तुलनेसाठी न बदलणारे व्यावसायिक मूल्य घ्यावे, किंवा हॅश स्थिर ठेवून क्रमांक असेल तेव्हाच तो तपासावा, अशी पद्धत रुळली आहे.

क्रमांकांत खंड पडतात. ट्रान्झॅक्शन मागे फिरले तरी सिक्वेन्स मागे फिरत नाही, नाहीतर प्रत्येकाला आधीच्याचे काम संपेपर्यंत थांबावे लागले असते. ४१ नंतर ४३ दिसला म्हणून ४२ वी ओळ कोणी पुसली असे होत नाही. मात्र भारतात जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग लागतो, त्यामुळे प्रायमरी कीच बिल क्रमांक म्हणून छापणे चुकीचे. त्यासाठी वेगळा रकाना हवा आणि त्याचा आकडा ट्रान्झॅक्शनच्या आत, कुलूप लावून काढायला हवा. उलट अडचण मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण इंजिनात अनेक वर्षे होती: मोजणी फक्त मेमरीत असल्याने शेवटच्या ओळी पुसून सर्व्हर पुन्हा सुरू केला की तेच क्रमांक नव्याने वाटले जात. २००३ मध्ये नोंदवलेला हा दोष ८.० आवृत्तीत दूर झाला.

आकडे संपतातही. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल २,१४,७४,८३,६४७ आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी बेसकॅम्प ३ या सेवेच्या घटनांच्या टेबलाने ती गाठली आणि सेवा जवळपास पाच तास फक्त वाचनापुरती उरली. रुबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्क ही सेवा चालवणाऱ्या कंपनीतच जन्मले, आणि २०१७ च्या रेल्स ५.१ ने नव्या टेबलांसाठी ६४ बिटांचा क्रमांक मूळ मांडणीतच आणला होता. जुने टेबल मात्र बदलायचे राहिले होते. जँगोने २०२१ मध्ये ३.२ आवृत्तीत नव्या प्रकल्पांना मोठ्या क्रमांकाकडे वळवले.

क्रमवार आकडे बोलके असतात. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांवरच्या अनुक्रमांकांवरून ऑगस्ट १९४२ चे उत्पादन ३२७ असल्याचा अंदाज केला. हेरखात्याचा आकडा १५५० होता आणि युद्धानंतर सापडलेल्या नोंदींत ३४२. वेब पत्त्यात ऑर्डर क्रमांक उघडा दिसत असेल तर स्पर्धकाला धंद्याचा अंदाज तसाच बांधता येतो. परवानगी तपासली जात नसेल तर एक मिळवून शेजारच्याचे बिलही उघडता येते.

यावर १२८ बिटांचा यूयूआयडी वापरतात. तो प्रोग्राममध्येच तयार होतो, त्यामुळे डेटाबेसची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या चौथ्या प्रकारात १२२ बिट यादृच्छिक असतात, म्हणून ओळी इंडेक्समध्ये विखरून पडतात. इनोडीबीसारख्या, प्रायमरी कीच्या क्रमाने ओळी मांडणाऱ्या इंजिनात हे महागात जाते. मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ मधल्या सातव्या प्रकारात पहिले ४८ बिट मिलिसेकंदांतल्या वेळेचे असतात, त्यामुळे नव्या ओळी शेवटाकडे जातात. पोस्टग्रेस १८ मध्ये तो तयार करण्याची सोय अंगभूत आहे आणि जकार्ता पर्सिस्टन्स या नव्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जेपीएच्या ३.१ आवृत्तीने २०२२ मध्ये यूयूआयडी हा पाचवा प्रकार मानकात घेतला. मात्र क्रमांक प्रोग्रामने स्वतःच आधी भरून ठेवला, तर ‘क्रमांक रिकामा म्हणजे ऑब्जेक्ट नवा’ ही ओआरएमची जुनी खूण निकामी होते. स्प्रिंग डेटा जेपीए असा ऑब्जेक्ट जुना समजते आणि ओळ घालण्यापूर्वी ती शोधण्यासाठी एक जादा फेरी मारते. एंटिटीत व्हर्जनचा रकाना ठेवला असेल तर आधी तो तपासला जातो. नव्या ऑब्जेक्टमध्ये तो रिकामा असतो, आणि ती फेरी वाचते.