ल्युपस नेफ्रायटिस (ल्युपसजन्य मूत्रपिंडदाह)

सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस (एसएलई) या स्वप्रतिरक्षा रोगात मूत्रपिंडांना होणारा दाह. रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींतील डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यांची संकुले मूत्रपिंडातील केशिकागुच्छांत साचतात, रक्तातील सी३ व सी४ ही पूरक प्रथिने खर्ची पडतात आणि गाळणी खराब होऊन प्रथिने व रक्तपेशी लघवीत उतरतात.

ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतेक प्रजननक्षम वयाच्या. सुमारे ४० टक्के रुग्णांत मूत्रपिंड ग्रासले जाते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातील पाहणीत ल्युपसचे प्रमाण लाखामागे ३.२ आढळले होते. हिंगोली जिल्ह्यापुरता विचार केल्यास, त्याची २०११ ची लोकसंख्या ११,७७,३४५. त्या दराने येथे ३८ च्या आसपास रुग्ण निघतील. हा केवळ गणिती अंदाज आहे.

सुरुवातीला मूत्रपिंडात काहीच दुखत नाही. लघवीला फेस येणे, सकाळी पापण्या सुजणे, पाय सुजणे, रक्तदाब वाढणे ही लक्षणे उशिरा दिसतात. सांधेदुखी मात्र बहुधा आधीपासून असते. तिला वात समजून वेदनाशामक गोळ्या घेत राहणे फार धोक्याचे, कारण डायक्लोफेनॅकसारखी औषधे आधीच आजारी मूत्रपिंडांवर आणखी ताण आणतात. उन्हाने ल्युपस उसळतो. हळद काढणी-शिजवणीच्या दिवसांत भर उन्हात राबणाऱ्या बाईला सावली आणि अंगभर कपडा हा उपचाराचाच भाग ठरतो. तरुण बाईचे सांधे दुखत असतील आणि उन्हात गालांवर लाल चट्टे उठत असतील, तर लघवीची साधी तपासणी टाळू नये.

दिवसाला ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिन लघवीतून जात असल्यास सहसा मूत्रपिंडाची बायॉप्सी करतात. २००३ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार आजाराचे सहा वर्ग आहेत; तिसऱ्या व चौथ्या वर्गांना जोरदार उपचार लागतात. हिंगोलीकरांना मोठ्या उपचारांसाठी नांदेडच्या विष्णुपुरीतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आधार असे. २०२४ मध्ये हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हा उपचाराचा पाया. त्याच्या जोडीला स्टेरॉइड आणि मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड देतात. अलीकडे बेलिमुमॅब व व्होक्लोस्पोरिन यांची भर पडली आहे. बरे वाटले म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या, हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीमुळे येथे एक प्रश्न साहजिक उठतो: या आजारात हळदीचा उपयोग होतो का? इराणमधील शिराझ येथे २४ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन महिने हळदीच्या कॅप्सूल दिल्यावर त्यांच्या लघवीतील प्रथिन घटले; ही चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती इतकी लहान आहे की तिच्या भरवशावर औषध थांबवणे योग्य नाही.

गर्भधारणेपूर्वी आजार किमान सहा महिने शांत असावा लागतो. मायकोफेनोलेट व सायक्लोफॉस्फामाइड गर्भाला घातक असल्याने आधीच बदलून अ‍ॅझाथायोप्रिन देतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू ठेवतात.