स्वस्त पत्र्याची महाग सावली

घर बांधताना आपण दहा दुकानांत भाव विचारतो. पण स्वस्तात आणलेल्या वस्तूची उरलेली किंमत पुढे कोण भरतं, हे विचारायचं राहून जातं. आपल्या खानदेशातल्या छपरांचा इतिहास याचं उत्तर देतो.

जामनेर तालुक्यातल्या जुन्या गल्ल्यांमधून अजून एखादं धाब्याचं घर दिसतं. सागाच्या तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा असायचा. धाब्यावर पापड-कुरडया वाळायच्या, रात्री अंथरुणं पडायची. पण दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागे, गळती बुजवावी लागे. त्या मातीच्या पाट्या बायांच्याही डोक्यावर असत.

पुढे साग दुर्मीळ झाला. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलावर सरकारचा ताबा घट्ट झाला. रेल्वेच्या स्लीपरांनाही लाकूड लागे. त्याच रेल्वेने कारखान्यांचा माल गावोगाव नेला. १९१९ पर्यंत आपली 'पीजे' पाचोऱ्याहून जामनेरला पोचली होती. आधी लोखंडी पत्रा आला, मग सिमेंटचा. कटनीजवळच्या कैमोरला असे पत्रे बनवणारा कारखाना १९३४ मध्येच उभा राहिला होता. पत्रा हलका, स्वस्त, एका दिवसात बसणारा. माती वाहायचे कष्ट वाचले, हा फायदा खराच.

पण मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की पत्र्याखाली भट्टी होते. दुपारभर तिथे कोण असतं? स्वयंपाक करणारी बाई, लेकरं, म्हातारी माणसं. कूलरचं बिल दर उन्हाळ्यात येतं.

दुसरी किंमत दिसतच नाही. 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो त्यात बहुतेकदा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ती धूळ फुप्फुसात गेली, तर आजार वीस-तीस वर्षांनीही उमटतो. जागतिक आरोग्य संघटना सर्व प्रकारचं अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगकारक मानते. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे. आपल्याकडे ते अजून आयात होतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे उशिरा असेल तोवर जपायला सांगितलं. स्वस्त पत्र्याचं बिल इतक्या उशिरा येतं!

म्हणून घाबरू नका, पण जपा. शाबूत पत्र्याला हात लावू नका. त्याला भोक पाडू नका, घासू नका, फोडू नका. तुटलाच तर आधी पाणी मारा, तुकडे कोरडे झाडू नका, लेकरांना दूर ठेवा. नवा घेताना दुकानदाराला विचारा, "यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का?"

आणि जुनं घर पाडताना सागाच्या तुळया, दारं कवडीमोल विकू नका. भुशाच्या बोर्डाचं कपाट एकदा पाण्यात फुगलं की भंगारवालाही घेत नाही. आजीच्या दाराला मात्र नव्या घरातही चौकट मिळते.