सुरगाण्याचा मास्तर थकतो त्याचा हिशोब १८८२ पासून मांडावा लागेल

"पगार घेतात, शिकवत नाहीत." सुरगाण्यातल्या पाड्यावरच्या शिक्षकाबद्दल हे वाक्य आपल्या चळवळीतले लोकही बोलतात. आम्हीही बोललो आहोत. चूक होती.

१९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात तात्यासाहेब जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला स्पष्ट सांगितले की प्राथमिक शिक्षक जवळपास सगळे ब्राह्मण आहेत, बहुतेक अप्रशिक्षित आहेत आणि पगार क्वचितच १० रुपयांच्या वर जातो. त्यांची मागणी होती की शिक्षक शेतकरी वर्गातला, लोकांत मिसळणारा असावा. प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये द्यावेत, मोठ्या गावात १५ ते २०. म्हणजे शिक्षकाची जात आणि शिक्षकाचे पोट हे दोन्ही प्रश्न तात्यासाहेबांनी एकत्र मांडले. आपण पहिला लक्षात ठेवला, दुसरा विसरलो.

गावचे हिशोब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल ही कामेही शिक्षकाकडे द्यावीत, असे ते सुचवतात. आजचा शिक्षक हे वाचून कपाळावर हात मारेल! पण तात्यासाहेबांना त्या कामांतून शिक्षकाचा गावातला मान वाढवायचा होता. आज मान नाही, फक्त आदेश येतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला मनाई करते. तरी माहिती भरण्यात दिवस जातो.

पोटाचे काय झाले? २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकला ३ वर्षे, महिना ३,००० रुपये. पुढे ६,०००. १६,००० व्हायला २०२३ उजाडले.

सुरगाणा पाचव्या अनुसूचीतला तालुका. घरात कोकणा बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. इथे 'लोकांत मिसळणारा' शिक्षक म्हणजे स्थानिक आदिवासी शिक्षक. पेसा क्षेत्रातली शिक्षकासह १७ संवर्गांची पदे स्थानिक अनुसूचित जमातींसाठी ठेवली गेली, पण भरती कोर्टात अडकली. ऑगस्ट २०२४ मध्ये माजी आमदार जे. पी. गावित आणि उमेदवार नाशिकला उपोषणाला बसले. त्यानंतर सरकारने तात्पुरत्या, मानधनावरच्या नेमणुकांचा मार्ग काढला. माणूस आपला, नोकरी मात्र कच्ची. १८८२ ची मागणी अर्धीच मान्य झाली.

अशा शिक्षकाला कोणी ताणमुक्तीचे शिबिर देऊ करते. आम्ही स्वतः विपश्यनेला बसतो, ध्यानाची टिंगल आम्हाला करायची नाही. पण मानधन वेळेवर येत नसेल आणि एकट्याकडे दोन-तीन इयत्ता असतील, तर श्वासाकडे किती वेळ बघणार? शाळाभेटीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी पोरांची हजेरी विचारण्याआधी मास्तरांना विचारावे: सर, मागचे मानधन कधी जमा झाले?