मृतांच्या उद्यानाचे द्वार

नोव्हेंबर महिना उजाडला की आपली पावले आपोआप दफनभूमीकडे वळतात. कबरी स्वच्छ केल्या जातात, फुले वाहिली जातात, मेणबत्त्या तेवू लागतात. मात्र ज्या दारातून आपण आत शिरतो, त्याकडे आपले क्वचितच लक्ष जाते. वास्तविक दफनभूमीचे दार म्हणजे मरणाविषयी जिवंतांनी केलेले पहिले विधानच होय. या दृष्टीने अमेरिकेतील एका दाराची कथा मननीय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बोस्टन शहरात मृतांना चर्चच्या तळघरात किंवा दाट वस्तीतील अपुऱ्या दफनभूमीत पुरले जाई. आरोग्याच्या काळजीने डॉ. जेकब बिगेलो यांनी १८२५ पासून शहराबाहेरील दफनभूमीचा आग्रह धरला. पॅरिसची १८०४ साली सुरू झालेली पेर लाशेझ ही उद्यानासारखी दफनभूमी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. चौदाव्या लुई राजाचे पापनिवेदन ऐकणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर ला शेझ यांचे नाव तिला लाभले आहे. अखेर उद्यानविद्येच्या एका संस्थेच्या साहाय्याने १८३१ मध्ये बोस्टनजवळ माउंट ऑबर्न ही दफनभूमी साकारली. २४ सप्टेंबरच्या समर्पण सोहळ्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी भाषण केले. त्याच वर्षी त्यांनी आपली चिमुकली कन्या गमावली होती. वृक्षांच्या सावलीत शोकाला सांत्वन लाभावे, ही केवळ कल्पना नव्हती. ती एका पित्याची गरज होती.

आता दार कसे असावे? बिगेलो यांनी स्वतः आराखडा केला, तो प्राचीन इजिप्तच्या मंदिरांच्या धर्तीवर. १८३२ मध्ये ते दार उभे राहिले, पण लाकडाचे. दगडाचा भास व्हावा म्हणून त्यावर रंग देऊन वाळू भुरभुरवली होती. शाश्वताची ग्वाही देणारे दार स्वतःच नाशवंत होते! दहा वर्षांनी ते नव्याने बांधण्याची वेळ आली, तेव्हा मूळचे रूप कायम ठेवून ते ग्रॅनाइटमध्ये घडवण्यात आले.

या शैलीवर टीकाही झाली. ख्रिस्ती माणसाच्या अखेरच्या विश्रामस्थानी मूर्तिपूजक इजिप्तचे पंखधारी सूर्यबिंब कशासाठी, असा आक्षेप होता. युगानुयुगे टिकून राहणारी वास्तुशैली मृतांच्या स्मृतीला साजेशी आहे, अशी बिगेलो यांची धारणा होती. परंतु त्या दारावर पवित्र शास्त्राचे वचनही कोरलेले आहे. माती मातीला मिळते आणि आत्मा दात्या परमेश्वराकडे परततो, असा उपदेशकाच्या बाराव्या अध्यायाचा तो आशय. आकार परका असला, तरी वाचा बायबलची होती.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८३८ साली स्थापन झालेल्या ग्रीनवुड दफनभूमीने निराळी वाट धरली. १८६० च्या दशकात वास्तुशिल्पी रिचर्ड अपजॉन यांनी तेथे उंच मनोऱ्यांचे गॉथिक प्रवेशद्वार उभारले. त्याच्या कमानींवर पुनरुत्थानाचे प्रसंग शिल्पित आहेत. येथे दगडाने केवळ टिकावे एवढीच अपेक्षा नव्हती. त्याने शुभवर्तमान सांगावे, अशी होती. त्या मनोऱ्यात अलीकडच्या काळात हिरव्या पोपटांनी घरटी बांधली आहेत. मृतांच्या वेशीवर पिलांची किलबिल ऐकू यावी, याहून बोलके शिल्प कोणते?

आपल्याकडेही दफनभूमींची दारे नव्याने बांधली जातात. वाहन आत जावे म्हणून ती रुंद होतात. ते गरजेचेच आहे. चकचकीत फरश्या बसतात, देणगीदारांची नावे झळकतात. त्यांचे औदार्य आपण विसरू नये. परंतु शवपेटी खांद्यावर घेऊन आलेल्या पुत्राची नजर वर जाते, तेव्हा तिला तेथे काय दिसावे? निदान एक वचन, निदान एक क्रूस. जुने दार पाडण्याआधी आपल्या आजोबा-पणजोबांनी त्यावर काय कोरले होते, तेही एकवार वाचून घ्यावे. माउंट ऑबर्नने दार बदलताना लाकूड टाकले, अर्थ टाकला नाही.

एके दिवशी त्याच दारातून आपल्यालाही नेले जाणार आहे. त्या वेळी आपल्याला ते वाचता येणार नाही; मागे राहिलेल्यांना मात्र वाचता यायला हवे.