फ्रीडमन्स बँकेच्या ठेववह्या आणि वर्णविषमतेच्या कारणांचा शोध

जुन्या दप्तरांत कुळांचीं, बलुतेदारांचीं आणि शिबंदीचीं नांवें शोधण्यांत ज्यांचे दिवस जातात, त्यांस पुढील वह्यांची माहिती उपयुक्त वाटेल म्हणून हें टिपण सादर करीत आहों. वह्या आपल्या देशांतील नव्हत. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत त्या आहेत. ३ मार्च १८६५ रोजीं अब्राहाम लिंकन ह्यानें सही केलेल्या कायद्यानें जी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापन झाली, तिच्या ठेवीदारांच्या सह्यांच्या ह्या वह्या होत. दास्यांतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांची मजुरी व सैन्यांतील पगार सुरक्षित राहावा, हा बँकेचा उद्देश होता.

वहीच्या छापील रकान्यांत ठेवीदाराचें नांव, वय, वर्ण, जन्मस्थान, वसतीचें ठिकाण, धंदा, नवरा अथवा बायको, मुलें, आईबाप व भावंडें इतकी माहिती लिहीत. आरंभींच्या नमुन्यांत पूर्वींच्या धन्याचें आणि मळ्याचें नांवही विचारलेलें आहे. सही न येणारानें फुली करावयाची. आपल्याकडील कागदांवर पाटील नांगराची निशाणी करी, तसाच हा प्रकार. आतां १८५० व १८६० ह्या दोन खानेसुमारींत ह्या लोकांची नोंद धन्याच्या नांवाखालीं केवळ वय, लिंग व वर्ण एवढीच झाली होती. त्यांचीं स्वतःचीं नांवें बहुधा लिहिलेलींच नाहींत. तेव्हां कित्येक घराण्यांचीं नांवें कागदावर प्रथम येतात तीं ह्या वह्यांत. २९ शाखांच्या वह्या आज उपलब्ध आहेत. यूटा संस्थानाच्या तुरुंगांतील साडेपांचशेंच्या वर कैद्यांनीं ११ वर्षें खपून त्यांतील सुमारें ४ लाख ८० हजार नांवांची सूची सिद्ध केली, ती २००१ सालीं प्रसिद्ध झाली. सूचीकाम किती नीरस असतें हें ज्यानें केलें त्यासच ठाऊक. त्या अज्ञात सूचीकारांस आमचा नमस्कार असो.

अर्थशास्त्रज्ञांची दृष्टि ह्या वह्यांकडे वळली तिला एक जुना वाद कारण आहे. गोऱ्यांच्या मानानें कृष्णवर्णीयांची संपत्ति इतकी अल्प कां, ह्या प्रश्नास तो समाज मुळांतच उधळा व अदूरदर्शी आहे, असें उत्तर देणारा पक्ष पुष्कळ काळ प्रबळ होता. स्टाइन व यानेलिस ह्या दोघां संशोधकांनीं वह्यांतील खातेदार १८७० च्या खानेसुमारींत शोधून काढले आणि आपला निबंध २०२० सालीं छापला. ज्या कुटुंबांचें बँकेंत खातें होतें, त्यांचीं मुलें शाळेंत जाण्याचें, घरांत अक्षरओळख असण्याचें व स्थावर मिळविण्याचें प्रमाण अधिक आढळलें. मूळचेच काटकसरी लोक बँकेंत गेले असतील, ही शंका येथें कोणीही घेईल. तिचें निरसन करण्यासाठीं त्यांनीं जेथें शाखा योजिली होती पण प्रत्यक्षांत उघडलीच नाहीं, अशीं गांवें ताडून पाहिलीं. तेथें तसा परिणाम दिसत नाहीं. आमच्या मतें ही युक्ति उत्तम आहे. न घडलेल्या गोष्टीचा पुराव्यासारखा उपयोग करणें आपल्या इतिहासकारांस क्वचितच सुचलें आहे.

मग ती बचत गेली कोठें? मूळ कायद्यान्वयें ठेवींचा दोन तृतीयांश भाग सरकारी रोख्यांत गुंतवावयाचा होता. १८७० सालीं कायदा बदलून स्थावराच्या तारणावर कर्ज देण्यास मोकळीक झाली. दक्षिणेंतील शाखांत डॉलर दोन डॉलर करून जमलेला पैसा वॉशिंग्टनास जाई, आणि तेथें हेन्री कुक ह्याच्यासारखे विश्वस्त तो आपल्या ओळखीच्या कंपन्यांस वांटीत. सेनेका सँडस्टोन कंपनीचें कर्ज ह्याच मासल्याचें. सप्टेंबर १८७३ मध्यें हेन्रीचा भाऊ जे कुक ह्याची पेढी बुडाली व बाजारांत हाहाःकार उडाला. मार्च १८७४ मध्यें फ्रेडरिक डग्लस ह्यास अध्यक्ष केलें. त्यानें पदरचे १०,००० डॉलर बँकेस उसने दिले, पण आंतील पोकळी कळतांच त्यासच काँग्रेसकडे धांव घ्यावी लागली. जून १८७४ अखेर बँक बंद झाली. ६१ हजारांवर ठेवीदारांचें सुमारें ३० लाख डॉलर देणें राहिलें. पुढें हप्त्याहप्त्यानें जें मिळालें तें फार तर शेंकडा ६२. अनेकांस तेंही मिळालें नाहीं. ज्यांस उधळे म्हटलें त्यांनीं सांठविलें, आणि उधळलें तें दुसऱ्यांनीं, ही गोष्ट हिशेबावरूनच उघड आहे.

येथें एक योगायोग नमूद करावासा वाटतो. जोतीराव फुले ह्यांचें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक १८७३ सालीं निघालें व तें दास्यविमोचनाच्या कार्याबद्दल अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलेलें आहे. त्याच सालीं, ज्यांची सुटका झाली म्हणून पुण्यांत आनंद झाला, त्यांची पुंजी वॉशिंग्टनांत बुडावयास लागली होती.

जमिनीची कथा ह्याहून निराळी नाहीं. १६ जानेवारी १८६५ च्या हुकुमान्वयें जनरल शर्मन ह्यानें दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया व फ्लॉरिडा येथील किनाऱ्याची सुमारें ४ लाख एकर जमीन मुक्तांच्या वसाहतीसाठीं राखली, दर कुटुंबास ४० एकरांपर्यंत; सुमारें ४० हजार लोक तेथें वसले. परंतु त्याच वर्षीं अध्यक्ष जॉन्सन ह्यानें बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांस परत केली.

अशा स्थितींतही पुढें काय झालें तें जॉर्जिया संस्थानाच्या करवह्यांवरून दिसतें. १८७४ पासून तेथें कृष्णवर्णीयांच्या मालमत्तेची आकारणी वेगळी दाखवीत. त्या आधारें डु बॉइस ह्यानें १९०१ सालीं सरकारी पत्रिकेंत निबंध प्रसिद्ध केला: १८७४ सालीं ह्या लोकांची जमीन सुमारें ३ लाख ३८ हजार एकर होती, ती १९०० सालीं १० लाख एकरांवर गेली. आकारणी म्हणजे बाजारभाव नव्हे, हें आपल्या जमाबंदीच्या कागदांवरून आपणांस माहीत आहेच. तथापि वाढीची दिशा त्यानें खोटी ठरत नाहीं.

दक्षिणेंतील संस्थानांच्या अशाच करवह्या व खानेसुमारीचे आंकडे घेऊन एलोरा डेरेनोनकोर्ट व तिच्या सहकाऱ्यांनीं २०२२ सालीं १८६० पासूनची मालिका मांडली. दरडोई संपत्तींत गोऱ्यांचें कृष्णवर्णीयांशीं प्रमाण १८६० सालीं सुमारें ६० स १ होतें, १९२० सालीं १० स १ झालें, १९५० च्या सुमारास ७ स १, आणि २०१९ सालींही ६ स १ च्या आसपासच राहिलें. पहिली घट वेगाची दिसते, कारण जवळ कांहींच नसलेल्या माणसाची थोडी मिळकतही प्रमाणांत मोठी ठरते. १९८० नंतर सुधारणा थांबली. गोऱ्यांच्या संपत्तींत कंपन्यांच्या शेअरांचा वांटा मोठा, कृष्णवर्णीयांची मुख्यतः राहत्या घरांत अडकलेली, आणि शेअरांचा भाव घरांच्या भावाहून पुष्कळ अधिक चढला. त्यांचें गणित असें कीं, मुक्तीनंतर बचतीचें व भाववाढीचें मान उभयतांस अगदीं समान लाभलें असतें, तरीही आरंभींच्या अंतरामुळें आज दोघांची संपत्ति सारखी झाली नसती.