रंगाची साक्ष

‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आपण उतावळ्या माणसाला ऐकवतो. पण तिच्यात आपल्या स्वयंपाकघराचाही एक स्वभाव दडला आहे. हळद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी रंग येतो, चव आणि गुण नंतर. वरण पिवळेधमक दिसले पाहिजे, रश्श्यावर लाल तर्री आली पाहिजे, सरबताचा पेला उजेडात धरला की चमकला पाहिजे. पदार्थ जिभेवर जाण्याआधी डोळ्यांनी चाखायचा, ही आपली जुनी रीत. मात्र डोळ्यांच्या या साक्षीवर आपण किती विसंबायचे, हा प्रश्न आज विचारावा लागतो. त्यासाठी या रंगीत भुकट्यांचा इतिहास थोडा चाळू या.

त्यातला पिवळा रंग सगळ्यांत जुना. हरियाणातील फरमाणा येथे सिंधू संस्कृतीच्या काळातील वस्ती सापडली. तिथल्या भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवर हळद व आले यांच्या पिष्टाचे सूक्ष्म कण संशोधकांना मिळाले. म्हणजे फोडणीत हळद टाकणारा हात किमान चार हजार वर्षांचा आहे. आपल्या विदर्भात वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद नावाजलेली. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, सांगलीच्या हळदीला २०१८ साली. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाच्या अंगाला लागणारी हळद तुमच्या घरात असते, तशी आमच्याही घरात असते. त्या पिवळ्या बोटांचा धर्म कोणी विचारत नाही.

लाल रंग मात्र पाहुणा आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपात गेली आणि पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरे, पिंपळी आणि सुंठ. अकबराच्या काळातील ‘आइन-इ-अकबरी’त मुदपाकखान्याचे पदार्थ त्यांच्या मोजमापांसह दिले आहेत, त्यांत हळद आहे, मिरे आहेत, पण मिरची नाही. आलेल्या पाहुणीने मिऱ्याचेच नाव उचलले आणि ती मिरची झाली. आज नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला मानांकन आहे आणि वऱ्हाडी माणसाला तिखटाशिवाय घास उतरत नाही. पाहुणा घरचा कसा होतो, हे या लाल भुकटीकडून शिकावे.

आता मुकुटबनकडे वळू. झरी-जामणी तालुक्यातले, तेलंगणाच्या सीमेजवळचे, माजरीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. अलीकडे त्याचे नाव कोळसा आणि सिमेंट यांच्यासोबत घेतले जाते, म्हणजे काळ्या आणि करड्या भुकटीसोबत! पण या मुलखाचे खरे रंग वेगळेच आहेत. फाल्गुनात पाने झडलेला पळस पेटून उठतो. त्याची फुले वाळवून, भिजवून किंवा उकळून केशरी-पिवळे पाणी निघते. ते होळीला अंगावर पडते आणि उन्हाळ्यात काही घरांत सरबत म्हणून पोटातही जाते. दुसरी अंबाडी. सीमेपलीकडचे तेलुगू लोक तिला गोंगुरा म्हणतात. लाल अंबाडीची आंबट बोंडे वाळवून ठेवली की त्यांची चटणी होते, भुकटी होते आणि माणकासारखे लाल सरबतही होते. इजिप्त आणि सुदानमध्ये हेच पेय करकदे या नावाने मानाने दिले जाते. आपल्या बांधावर उभी असलेली ही श्रीमंती आपण फारशी मिरवत नाही.

या सगळ्या रंगांचा एक समान गुण आहे, तो म्हणजे ते जिवंत आहेत. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडले आणि साबण लावला की पिवळा डाग क्षणात लाल होतो. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचा रंग येतो, तो याच गुणामुळे. अंबाडीच्या लाल पाण्यात खायचा सोडा टाकला तर लाली पळते. हळदीचा डाग उन्हात उडतो, बरणीतले तिखट वर्षभरात फिके पडते. झाडापासून आलेला रंग आंबट-खाऱ्याला, उन्हाला, काळाला उत्तर देतो. तो बदलतो, उतरतो, हीच त्याच्या खरेपणाची खूण.

गोची झाली ती इथेच. पूर्वी घरात हळकुंडे यायची, अख्ख्या मिरच्या यायच्या. सांगलीजवळच्या हरिपुरात तर जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे टिकायची. त्यातली अनेक पेवे २००५ च्या महापुराने निकामी केली. हळकुंड हातात घेऊन मोडता येते, हुंगता येते, दाताखाली धरता येते. मिरचीचा देठ, बी, साल सगळे दिसते. उखळ-मुसळ, खलबत्ता किंवा गावातले मिरची कांडप यंत्र, काहीही असो, भुकटी आपल्या डोळ्यांदेखत व्हायची. पुढे तयार पुडी आली आणि हळकुंड नजरेआड गेले. साक्षीला उरला फक्त रंग. जिथे एकच साक्षीदार असतो, तिथे तो फितवणे सोपे जाते.

फितवायला साधनही तयार होते. १८५६ साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला डांबरापासून जांभळा रंग मिळाला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. कापडासाठी निघालेले रंग ताटापर्यंत पोहोचले. हळदीत मेटॅनिल यलो, तिखटात सुदान. आपल्याकडे अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला, त्याची जागा पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. हळद-तिखटाच्या पुडीत वरून रंग घालायला परवानगी नाही. तरीही २००३ साली युरोपात भारतातून गेलेल्या तिखटात सुदान रंग सापडला आणि २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले.

याहून बोलके उदाहरण शेजारच्या बांगलादेशचे. तिथे १९८० च्या दशकातल्या एका पुरानंतर हळद नीट वाळली नाही, काळवंडली. गिऱ्हाइकाला तर पिवळीजर्द हवी. मग हळकुंडांना लेड क्रोमेट म्हणजे शिशाचा पिवळा रंग चोळण्याची चाल पडली. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. २०१९ साली बाजारातल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत ते आढळले. संशोधक आणि सरकार यांनी मिळून लोकांना जागे केले, व्यापाऱ्यांना दंड केले. २०२१ साली असा एकही नमुना सापडला नाही. दोष व्यापाऱ्याचा होताच, पण त्याला मोह पाडणारी नजर गिऱ्हाइकाची होती, हेही विसरून चालणार नाही.

मग आपण काय करावे? शक्य असेल तर हळकुंड आणि अख्खी मिरची घेऊन समोर कांडून घ्यावी. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकावी. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते, रंग मिसळला असेल तर पाणी गडद होते. पाण्यावर तिखट भुरभुरले आणि रंगाच्या रेघा खाली उतरू लागल्या तर सावध व्हावे. मात्र सुदान तेलात विरघळतो आणि शिसे डोळ्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी प्रयोगशाळाच हवी. लग्नाच्या बिर्याणीत आणि जर्द्यात आचारी चिमूटभर रंग टाकतो, त्याला ‘रंग कमी चालेल’ असे सांगणारा यजमान हवा. रमजानच्या दस्तरखानावर लाल सरबत हवेच असेल, तर अंबाडीची बोंडे आहेतच.

आता बीट, पालक, शेवगा, निळी गोकर्ण यांच्या भुकट्याही बाजारात आल्या आहेत. पोळीची कणीक गुलाबी करा, इडली हिरवी करा, मुले आनंदाने खातील. पण पुडी उघडताना एवढे लक्षात ठेवू या की बिटाची पोळी तव्यावर थोडी तपकिरी होणारच. वर्षभर बरणीत राहूनही जो रंग जराही उतरत नाही, त्याचीच चौकशी आधी करायला हवी.